पिळ्यातला वाटा

गासूलच्या, म्हणजे केस धुवायच्या मातीच्या, खड्यांवर पाणी ओतलं की ते बोलायला लागतात. आधी एक सुस्कारा, मग बारीक कडकड, दात नसलेल्या म्हातारीने खडीसाखर चघळावी तशी. बोलणं थांबेपर्यंत त्यात हात घालायचा नाही.

*

विधवेचे मोजेसुद्धा पांढरे असतात.

*

फ्रान्समधल्या एका कामगार वसतिगृहात, एकवीस नंबरच्या खोलीत, दोन खाटा. खिडकीजवळची हम्मादीची.

*

सुकी गुलाबं पाच ओंजळी. लव्हेंडर तीन. लवंगा एक मूठ, पण मूठ बाईची. नारिंगाच्या फुलांचं पाणी, हात थांबेल तेवढं.

*

तुरिया म्हणते, "ज्या बाईचा नवरा घोरत नाही ती नशीबवान. आमच्या बतूलचा घोरतो, पण इतका लांब घोरतो की मधे आख्खा समुद्र बोळा होऊन बसलाय."

*

यंदा मिनारावर करकोच्यांनी घरटं केलं नाही.

*

"लाला, तुम्ही बसलेल्या आहात ना?" बाईला मानाने लाला म्हणायची रीत पाळत हम्मादीने फोनवर विचारलं. बतूल बसलेली नव्हती.

*

गुरुवारची दुपार होती. शेजारच्या तुरियाच्या मुलीचं लग्न नऊ दिवसांवर आलं होतं आणि नवरीच्या गासूलसाठी लवंगा निवडायच्या होत्या. बतूल ताटली घेऊन खिडकीतल्या उजेडाकडे निघाली होती, तेवढ्यात फोन वाजला. उभ्याउभ्याच तिने ऐकलं की आपला नवरा मेला.

"कधी?"

"मंगळवारी."

"परवा?"

"नाही लाला, त्याच्या आधीच्या. नऊ दिवस झाले. तुमचा नंबर सी अल्लालच्या कोटात होता आणि तो कोट मी धुवायला टाकून बसलो. मग कागद वाळवला, दिसतील तेवढे आकडे घेतले, उरलेले अंदाजाने लावून पाहिले." हम्मादी थांबला. "तुमच्या आधी तीन अनोळखी घरांत मी ही बातमी सांगितली. एका घरातली बाई रडलीसुद्धा. माफ करा."

तिथेच पुरलं, म्हणाला. इमाम होता. बावीस माणसं होती, म्हणजे शुक्रवारीसुद्धा मशिदीत जमत नाहीत एवढी. सी अल्लालचीच तशी इच्छा होती, एवढा लांबचा प्रवास नको म्हणायचा.

हम्मादी तिचा कोणी लागत नव्हता. आवाज मात्र ओळखीचा होता. अल्लालचा, हम्मादीच्या अदबीत सी अल्लालचा, फोन आला की तो म्हणायचा, "बरी आहेस ना. मीही बराय." मग पुढे काही सुचलं नाही की फोन हम्मादीच्या हातात द्यायचा, आणि हम्मादी बिचारा तिला तिथल्या हवेबद्दल सांगायचा. त्यामुळे गेल्या काही वर्षांत नवऱ्यापेक्षा नवऱ्याच्या खोलीतल्या माणसाशी तिचं बोलणं जास्त झालं होतं.

तिने फोन ठेवला. खिडकीपाशी बसली. लवंगा निवडल्या. डोकं असलेल्या एकीकडे, डोकं गळलेल्या एकीकडे. बिनडोक्याची लवंग वास देत नाही, नुसती जागा अडवते. सगळ्या निवडून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं की आता या लवंगांना हात लावणं तिला चालत नाही.

*

गल्लीचा नियम साधा होता. नवरीचं गासूल भरल्या घरच्या बाईने करायचं. भरल्या घरची म्हणजे पहिलाच नवरा, तो जिवंत, आणि सवत नाही. अशी बाई शोधायला गेलं तर वाटतं तितकी सोपी नसते. कोणाचा नवरा गेलेला, कोणाच्या नवऱ्याने दुसरी केलेली, तुरियाचं स्वतःचं लग्न दुसरं. एकोणीस वर्षांपूर्वी गल्लीतल्या बायांनी बोटं मिटत हिशेब केला तेव्हा शेवटी एकच बोट उरलं, आणि ते बतूलचं होतं. तिचा नवरा तेव्हाच चार वर्षं फ्रान्सला होता. पण नियमात तो घरी असला पाहिजे असं कुठे म्हटलं नव्हतं.

भरलं घर म्हणजे तीन खोल्या, एक छत आणि चहाचा एक पेला.

आधी तो दर ऑगस्टला यायचा. मग एकाआड एक ऑगस्टला. मग कॉफीचे पुडे आणि साबणाच्या वड्या यायच्या. गेली सहा वर्षं तेही कोणी येणारं असेल तर. पण वर्षातून दोन-तीनदा, लग्नसराईत, गल्लीतल्या बाया तिचा जिना चढून छतावर यायच्या, पाट मांडायच्या, चहा उतू घालवायच्या, नको ते विनोद करायच्या, आणि बतूलच्या शब्दावाचून कोणी पाण्याला हात लावायची नाही. एकेचाळीस नवऱ्या तिच्या हातचं गासूल लावून गेल्या होत्या.

आणि बेचाळिसावी इख्लास. तुरिया दिवसभर शिवणाच्या कारखान्यात कफ्तानांना गोंडे लावायची, त्यामुळे पोर बतूलच्या छतावरच वाढली. सहा वर्षांची असताना तिने या मावशीला, तिच्या खाल्तीला, बजावून ठेवलं होतं, "खाल्ती, माझं गासूल तूच करायचं. आणि त्यात चॉकलेट घालायचं."

आता बातमी सांगितली तर काय होईल हे बतूलला चांगलं ठाऊक होतं, कारण कोपऱ्यावरच्या रहमाचं तिने पाहिलं होतं. तिच्याआधी गासूल करणारी रहमाच होती. नवरा गेल्यावर तीन दिवस तिच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. कुराण झालं, कुसकुसाचं जेवण झालं. मग चार महिने दहा दिवस पांढरे कपडे. सुगंध नाही, मेंदी नाही, काजळ नाही. आणि ते संपल्यावर? ते संपल्यावर काहीच नाही. लोक वाईट वागले असं नव्हे. रस्त्यात दिसली की हात हातात घ्यायचे, चुंबन घ्यायचे, तब्येत विचारायचे. फक्त तिचा जिना कोणी चढलं नाही.

आणि नाही सांगितली तर? तर विधवेचे हात इख्लासच्या गासूलमध्ये. तसं झालं तर नवरीच्या वाट्याला तेच येतं, असं म्हणतात. बतूलचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. विश्वास नव्हता असंही नव्हतं.

*

जिना उतरताना बतूलने मनात तयार केलेली वाक्यं:

तुरिया, एक सांगायचंय, आधी बस.

तुरिया, अल्लाल गेला.

तुरिया, इख्लासचं गासूल दुसऱ्या कोणाकडून तरी करून घे.

तुरिया, तू नुसती वर ये जरा.

दार उघडलं तेव्हा तुरियाच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत बदामाचा चुरा लागला होता आणि तोंडात काहीतरी होतं.

"आलीस? मी आत्ताच म्हणणार होते पोरीला, जा खाल्तीला बोलाव म्हणून. बघ ना हा होणारा जावई. म्हणतो हम्मामात न्हाणाच्या दिवशी माझ्याकडच्या पंचवीस बायका येतील. पंचवीस! आईला धरून आठ होत्या काल. मी म्हटलं, बाबा रे, तुझ्या बायका काय ससे आहेत का, आठवड्यात वाढतात? वाढवावं लागेल गं गासूल. खडे पुरतील ना? आणि तुझी बारीक चाळणी आहे ना, की ती पण नेली कोणी? बोल की. अशी काय उभी आहेस मेल्यासारखी?"

"चाळणी आहे," बतूल म्हणाली.

"मग झालं. शनिवारी सकाळी. उशीर करू नकोस, ऊन तापायच्या आत थर टाकले पाहिजेत. हे तुला मी सांगतेय, बघ कशी वेळ आलीय." तुरिया हसली. हसता हसता तिचे डोळे भरले, कारण लग्नघरातल्या आईचे डोळे कशानेही भरतात. बदामाचे हात वर धरून तिने कोपरांनीच बतूलला जवळ घेतलं. "तू नसतीस तर ही पोर कोणी वाढवली असती गं."

बतूल वर आली. शुक्रवारी तिने गुलाब, लव्हेंडर आणि लवंगा मोठ्या मातीच्या भांड्यात उकळून झाकून ठेवल्या. घरभर वास सुटला. तिने खिडक्या उघड्या टाकल्या, तरी गेला नाही.

*

शनिवार, छत.

"सरकून बस की गं, नवरी तू आहेस की ती?"

"मला ऊन लागतं."

"तुला काम लागतं, ऊन नव्हे."

"खाल्ती, चॉकलेट घातलंस का?"

"घातलं हो. तुझ्या नवऱ्याला मुंग्या लागतील."

"त्याला काय मुंग्या लागणार, तो तर सप्टेंबरात मॉन्ट्रियलला चालला."

"मग? बतूलच्या हातचं गासूल म्हणजे नवरा परदेशी जाणारच. आमच्या नादियाचा नाही का गेला?"

"नादियाचा पळाला. ते वेगळं."

"जाऊ दे गं गेला तर," तुरिया म्हणाली. "माझी पोर जाईलच की मागून, कागद झाले की. जाऊ दे, फिरू दे, फक्त जिवंत राहू दे, आपल्या सी अल्लालसारखा. काय बतूल?"

बतूलने खडे भांड्यात सोडले होते. तिने गाळलेला काढा वरून ओतला. खडे सुस्कारले आणि कडकडू लागले. बायांनी जिभा हलवून ललकारी दिली, शेजारच्या छतावरच्या बायांनी ती उचलली, तिथून पलीकडच्या; आणि थोडा वेळ सगळ्या गल्लीवर नुसता तो आवाज होता. या आवाजात कोणाला उत्तर द्यावं लागत नाही.

मग ती कामाला लागली, आणि काम तिला ठाऊक होतं. खडे विरघळून गप्प झाले तेव्हा तिने दोन्ही हात मनगटांपर्यंत आत घातले. तपकिरी माती लोण्यासारखी झाली होती. गाठी बोटांनी शोधून फोडल्या. बारीक चाळणीतून एकदा, मग जुन्या मलमलीतून एकदा. वाळू खाली राहिली, साय वर आली. इख्लास कापडाचं एक टोक धरून उभी होती, लहानपणी कपड्यांच्या घड्या घालताना धरायची तशी. पांढऱ्या चादरींवर बतूलने साय ओतली आणि तळहाताने पसरली, दिव्याच्या काचेइतकी पातळ. जाड थर वाळताना दगड होतो, फार पातळ असला तर वाऱ्याने उडून शेजारणीच्या कुसकुसात जातो. सात चादरी भरल्या.

शेवटी कापडात उरतं ते पिळायचं. त्या पिळ्यातली पहिली मूठ करणारीचा वाटा. ती तिने सगळ्यांसमोर आपल्या केसांना लावायची, मग नवरीच्या केसांना बोट लावायचं आणि म्हणायचं, "माझं तसं तुझं." एवढं झालं की चहा.

बतूलने कापड पिळलं. मूठभर माती हातात आली, कोमट आणि जड. सगळ्या तिच्याकडे बघत होत्या. इख्लासने ओढणी मागे सारून डोकं पुढे केलं.

मूठ हातात घेऊन ती जेवढा वेळ थांबली तेवढा वेळ फार नव्हता. पण तेवढ्यात तिला दोन गोष्टी स्पष्ट कळल्या. दोन दिवस ती नियमांना फसवत आली होती आणि आणखी आठ दिवस फसवू शकली असती. पण नवरा मेला असताना डोक्याला सुगंध लावणं तिला जमणार नव्हतं. तो कसाही असला तरी. आणि या पोरीला "माझं तसं तुझं" म्हणणं तर मुळीच नाही.

"मी कालच मेंदी लावलीय केसांना," ती म्हणाली. "उगाच मातीने उतरेल."

तिने मूठ सातव्या चादरीवर सोडली आणि पसरवून टाकली.

"अगोबाई, हे कुठलं नवीन," एक जण म्हणाली. पण तेवढ्यात चहाची किटली आली, पेले कमी पडले, तीळ लावलेल्या बिस्किटांची ताटली कोणीतरी उलटवली, आणि विषय बदलला.

इख्लासने ओढणी परत पुढे घेतली.

*

वाळताना गासूल आवाज करत नाही. आधी रंग उतरतो. मग कडा उचलतात. मग भेगा, आणि मग एकेक तुकडा आपण होऊन चादर सोडतो, सुकलेल्या पानासारखा वळतो. हे बघत बसायला बतूलला नेहमी आवडायचं. यंदा ती रविवारी दिवसभर चादरींपाशी बसली, मांजरी हाकलायच्या म्हणून. मांजर एकही आली नाही.

तिने अल्लालचा चेहरा आठवून पाहिला. आठवला तो पासपोर्टवरचा.

*

सोमवारी दुपारी तुरिया एकटीच वर आली. कारखान्यातून मधेच निघून. तिने जिन्याचं दार मागे लोटून घेतलं, चादरींमधून वाट काढत आली आणि बतूलच्या समोर उकिडवी बसली. एक वाळका तुकडा उचलून तिने बोटांत मोडला, वास घेतला.

"छान झालंय," ती म्हणाली.

"हं."

"तुझ्या कानशिलाजवळचे केस पांढरे आहेत, बतूल."

बतूलने हात कानशिलाकडे नेला.

"मेंदी लावली असती तर केशरी झाले असते. माझ्या शनिवारीच लक्षात आलं. मग मी म्हटलं, राहू दे, बाईमाणूस आहे, लावायचं नसेल. मग काल वाटलं, वाटा कोणी सोडतं का? एकोणीस वर्षांत कधी सोडलास?" तुकड्याची पूड झाली तशी तिने ती फुंकली. "कधी झालं?"

"फोन गुरुवारी आला."

"गुरुवारी. तू चाळणी आहे म्हणालीस त्या दिवशी."

"सांगायलाच आले होते."

"मी बोलू दिलं नसेल."

"नाही दिलंस."

तुरियाने तोंडावरून हात फिरवला. खाली गल्लीतून खेचरवाल्याने वाट मागितली, खेचर गेलं.

"सांगितलं असतंस तर मी दुसरीला बोलावलं असतं," तुरिया म्हणाली. "खोटं कशाला बोलू. तुझ्या गळ्यात पडून रडले असते आणि मग जाऊन दुसरीला बोलावलं असतं."

"माहीत आहे."

"माझी एकुलती एक पोर आहे गं."

"म्हणून तर वाटा घेतला नाही. ते शब्द मी बोलले नाही, तुरिया. म्हणजे लागणार नाही तिला."

"असं कुठे सांगितलंय? की शब्द नाही बोलला तर लागत नाही?"

"कुठेच नाही," बतूल म्हणाली. "मीच ठरवलं."

तुरिया उठली. सात चादरी तिने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजरेने चालून पाहिल्या. गुरुवारी हम्माम होता. आता नवीन खडे भिजवायचे म्हटलं तरी वाळायला तीन दिवस, आणि करायचं कोणी, आणि का, हे पंचवीस बायकांना काय सांगायचं. बतूल तिच्या पाठीकडे बघत होती. आता ती चादरी उचलून गल्लीत झटकेल, असं बतूलला वाटलं. आणि तिने झटकल्या असत्या तर बतूलने टोक धरलं असतं.

तुरिया वळली. तिचा आवाज कारखान्यातल्या मुकादमिणीसारखा झाला होता.

"मला काही कळलेलं नाही. मी चादरी मोजायला आले होते. शनिवारी लग्न आहे. रविवारी पोर सासरी गेली की संपलं. सोमवारी तुला फोन येईल."

"तुरिया."

"सोमवारी येईल. दुपारी. मी घरीच असेन, तू नुसती हाक मार, मी पहिली वर येईन. कुसकुस माझ्याकडून, पांढरं कापड मी आणते, सगळं करते मी. कशाला कमी पडू देणार नाही तुला. फक्त सोमवारी." मग हळू आवाजात, "तो तसाही तेवीस वर्षं नव्हता गं. आठवडाभर आणखी नाही."

बतूलने मान हलवली. तुरियाने तिच्या डोक्याचं चुंबन घेतलं आणि दारापाशी जाऊन परत फिरली.

"हम्मामला येणार नाहीस ना?"

"पाय मुरगळलाय म्हणून सांग."

"कुठला?"

"तू ठरव."

*

डावा ठरला.

गुरुवारी गासूलचा डबा वाजतगाजत खाली गेला. त्यावर हिरवं रेशीम होतं. बतूलने डावा पाय उशीवर ठेवून खिडकीतून पाहिला. शुक्रवारी मेंदी झाली. शनिवारी ढोल पहाटेपर्यंत वाजले. इख्लासला पालखीत बसवून उचललं तेव्हाची ललकारी तिला घरात ऐकू आली. रविवारी गल्लीत पाकळ्या आणि संत्र्याच्या साली होत्या.

सोमवारी दुपारी जेवण झाल्यावर तिने भांडी धुतली, हात पुसले आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन तुरियाला हाक मारली.

तुरिया पहिली आली, म्हणाली होती तशी. तिने टाहो फोडला. तो ऐकून बाकीच्या आल्या. तुरियाचं रडणं खरं होतं. आठवडाभर दाबून ठेवलेलं होतं, कदाचित लेक गेल्याचंही त्यात मिसळलं होतं. बतूलला मात्र रडू येईना. तिने प्रयत्न केला. दहा दिवसांपूर्वी, पेरूच्या रंगाची बादली घेऊन फरशी पुसताना, एकटीला तिला एकदा जोरात आलं होतं, आणि तिने ते पुरतं रडून घेतलं नव्हतं, पुढे लागेल म्हणून. पण रडणं ठेवून टिकत नाही.

"डोळा कोरडाच आहे," कोणीतरी भिंतीपाशी कुजबुजलं. "कुठून येणार, माणूसच पाहिला नाही इतकी वर्षं."

तिसऱ्या दिवशी इख्लास सासरहून आली. तिने काळजीपूर्वक साधे कपडे घातले होते, पण केस लांबूनच ओळखू येत होते: गुलाब, लव्हेंडर, लवंग. ती बतूलला बिलगली आणि तिच्या पांढऱ्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देऊ लागली. बतूलने श्वास रोखून धरला, जमेल तेवढा वेळ.

"खाल्ती, लग्नाच्या आधी नाही आली बातमी, एवढं तरी देवाने केलं," इख्लास म्हणाली. "नाहीतर तू माझं गासूल केलं नसतंस."

"नसतं केलं," बतूल म्हणाली.

"सगळ्या विचारत होत्या तिकडे, कोणाच्या हातचं."

पलीकडे तुरिया चहाचे पेले मांडत होती. तिने मान वर केली नाही.

*

मग तीन दिवस संपले. खुर्च्या परत गेल्या. तुरिया रोज संध्याकाळी यायची, मग दोन दिवसांनी एकदा यायची, मग कारखान्यात काम वाढलं. ती आली तरी दोघींमध्ये आता एक गोष्ट बसलेली असायची आणि तिला चहा विचारता यायचा नाही. सप्टेंबरात इख्लासचा नवरा मॉन्ट्रियलला गेला. त्याच आठवड्यात चार घरं पलीकडच्या छतावरून बतूलला ललकारी ऐकू आली. कोणाचं तरी गासूल भिजत होतं. ती ऐकत राहिली. खडे गप्प होईपर्यंत किती वेळ लागतो हे तिला माहीत होतं. तेवढ्या वेळाने तिने मनातल्या मनात हात आत घातला.

सुतक गल्लीच्या हिशेबाने त्या सोमवारपासून धरलं होतं. खरं ते माणूस जातो त्या दिवसापासून धरतात. बतूलने भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन्ही हिशेब ठेवले होते, एक पेन्सिलीने, एक मनात. दोहोंत वीस दिवसांचं अंतर पडलं.

ज्या दिवशी मनातला हिशेब पुरा झाला त्या दिवशी तिने दुपारी जिन्याचं दार आतून लावलं. पांढरी जल्लाबा, पांढरी ओढणी, पांढरे मोजे काढून घडी करून पलंगावर ठेवले. कपाटातून हिरवा कफ्तान काढून घातला. आरशात पाहिलं नाही. मधल्या खोलीत बैठकीवर हात मांडीवर ठेवून बसून राहिली, कोणाकडे पाहुणी म्हणून गेल्यासारखी. ऊन एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर गेलं. दाराशी कोणी आलं नाही. अजानची हाक झाली तेव्हा ती उठली, कफ्तान परत टांगला, आणि पुढच्या वीस दिवसांसाठी पांढरे मोजे पायांत चढवले.

अल्लालला तिकडे, तो गेला त्या मंगळवारी दुपारी, हम्मादीने आणि मशिदीतल्या एका माणसाने अंघोळ घातली. पाणी कोमट होतं.